गवराबाईचा पुढचा दात

"हा दात पूर्वी कधी आपटला होता?" सुमनताई डॉक्टरांनी विचारलं.

गवराबाईच्या आधी तिचा नवरा बबनराव बोलला, "पडली व्हती इहिरीवर. लई वर्सं झाली."

एकोणीसशे छप्पन साल होतं. गवराबाईचा ओठ सुजून टपोरा झालेला. पाच दिवस भाकरीचा तुकडा गिळला नव्हता, तेव्हा कुठं त्यानं तिला कासारवाडीहून पुण्याला आणलं होतं.

"आतली नस मेलीय. मुळाशी पू झालाय. दात काढता येईल. किंवा मेलेली नस काढून, मूळ साफ करून, आत औषध भरून बंद करता येईल. चार खेपा लागतील, पण दात राहील."

"काढून टाका. कोन हेलपाटं घालनार?"

"ऱ्हाऊ द्या," गवराबाई म्हणाली. "मी येईन. एकटी."

बारा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचा शब्द पहिल्यांदा खोडला होता. परक्या बाईपुढं त्याला काही बोलता येईना.

पहिल्या दिवशी पू निघाला, ठणका थांबला. दुसऱ्या खेपेला ती एकटीच आली. सुमनताई बारीक सुईनं मूळ खरवडत होत्या.

"दुखतंय?"

"न्हाई." मग थोड्या वेळानं, "बाई, मी पडले न्हवते. त्यांनी तांब्या मारला व्हता. कालवन खारट झालं म्हनून."

सुमनताईंनी सुई बाजूला ठेवली. "कुणाला सांगितलंत कधी?"

"तुमालाच."

दातात तात्पुरतं कच्चं सिमेंट भरून सुमनताईंनी पुढच्या खेपेसाठी मंगळवार दिला.

घरी बबनरावनं विचारलं, "काय इचारत व्हती ती?"

"काय न्हाई. मीच सांगितलं. तांब्याचं."

तो जेवून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला चिंचवडच्या बाजारात दात उपटणाऱ्या वैदूपुढं बसवलं.

"दात घट्ट हाय, मालक," वैदू म्हणाला.

"दुखत बी न्हाई आता," गवराबाई कळवळली.

"वढ तू," म्हणत बबनरावनं तिचं डोकं स्वतःच दोन्ही हातांत गच्च धरलं.

मंगळवारी गवताला जाते म्हणून ती निघाली आणि पुण्याच्या गाडीत बसली. सुमनताईंनी हत्यारं उकळून मांडून ठेवली होती. गवराबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"वाट बघाल, म्हनून सांगाया आले."

सुमनताईंनी मांडलेली हत्यारं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बसा. जखम तरी धुऊ."

गवराबाई खुर्चीत बसली, आणि न सांगता तिनं तोंड उघडलं.