गुडघे टेकण्याआधी

नाकायिझाने एक बोट उजव्या बाजूला, कमरेखालच्या खळीवर ठेवलं. "इथे. बाळंतपणापासून."

मसाका शहरातल्या दवाखान्यात व्यायामोपचार करणाऱ्या नाबुन्याने तिचा एक्स-रे उजेडात धरला. "मणके ठणठणीत आहेत. अन् आजवरची औषधं सगळी मणक्यांसाठीच!"

तिने नाकायिझाला कुशीवर निजवून कमरेचं हाड दाबलं. मग उताणं करून, पाय दुमडून, मांडी रेटून, तीन-चार तऱ्हांनी पाहिलं. प्रत्येक वेळी कळ त्याच खळीत उठली.

"पाठीचा कणा कमरेच्या हाडांना जुळतो ना, तो सांधा दुखावलाय. चटईवर पाय कुठल्या बाजूला घेऊन बसतेस?"

"उजव्या. आई तशीच बसायची."

"आईच्या सांध्याला चाललं, तुझ्या नाही चालणार! तू खुर्चीत बस. हा पट्टा कमरेवर नाही, खाली, कुल्ह्यांवर. व्यायाम रोज. अन् काही महिने गुडघे टेकणं बंद."

"मग माहेरही बंद," नाकायिझा हसत म्हणाली. पण हसू टिकलं नाही.

ईस्टरला तिने वडिलांना, तातांना, रीतीप्रमाणे गुडघे न टेकता उभ्यानेच नमस्कार केला होता. तातांनी तोंड फिरवलं. "शहराचं वारं लागलं," आत्या म्हणाली. बाळंतपणाचं दुखणं बापाला कुठली लेक सांगते? तेव्हापासून ती गेली नव्हती. शेजारी कुणी केळीच्या पानांत मटोके, म्हणजे कच्ची केळी, वाफवू लागलं की तिला माहेरची चूल आठवे, आणि दारातलं फणसाचं झाड.

रविवारी तिने फोन लावला. त्यांच्यात वडिलांशी बोलताना लेकी फोनवरही गुडघे टेकतात. पट्टा आवळून, खुर्चीला धरून ती खाली वाकली.

"आई गं!"

"काय झालं?" पलीकडून तातांचा आवाज आला.

"काही नाही, ताता."

"गुडघ्यांवर आहेस?"

"हो."

"दुखतंय?"

तिने पट्ट्यावर हात दाबून धरला.

"ईस्टरलाही दुखत होतं?"

"हो, ताता."

पलीकडे कोंबडा आरवला.

"ऊठ आधी. खुर्चीत बस, मग बोलू." मग घसा खाकरून, चिडल्यासारखं, "फणस पिकलेत. पोराला घेऊन ये. तुझी खुर्ची अंगणात काढून ठेवतो. आत्या बोलली काही, तर तिलाच गुडघे टेकायला लावीन."

ती खुर्चीत बसली. ताता फोन ठेवायला विसरले होते. पलीकडे अंगणात कुणी खराटा फिरवत होतं, केळीची पानं वाऱ्यावर सळसळत होती. तिनेही फोन ठेवला नाही.