करडाची शेळी

समजा बाळांनो, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि सोलापुरातल्या एका पोलीस चौकीत भिंतीशी उभे आहात. ऊन उंबऱ्यापर्यंत आले आहे. ओठांवर सुकलेले दूध ताणते आहे, पण ते पुसता येत नाही. हवालदाराने दरडावले आहे, "हात मागं! चोरानं हात मागं ठिवायचे."

आता तुम्ही बाजूला व्हा आणि त्या जागी मायाक्काला उभी करा. ती अशीच उभी होती.

"शेळी कुणाची व्हती?" हवालदाराने विचारले.

"करडाची."

"आगं, मालक कोण?"

"करडूच की. ते आदी प्यालं. मग धुळाला पाजलं. मग मी प्याले."

दारातला शिपाई फिस्सकन हसला. मायाक्का हसली नाही. तिने खरे तेच सांगितले होते. मंद्रूपकडच्या माळावर तिच्या घरच्यांची मेंढरे-शेळ्या असत. तिकडे पोराला भूक लागली की ते जवळच्या शेळीखाली बसे. आधी करडाला पिऊ द्यायचे, एवढाच नियम. शेळी कुणाची, हे विचारायची रीत नव्हती. मग पटकीच्या साथीत आईबाप गेले आणि तिला व पाच वर्षांच्या धुळाला शहरातल्या अनाथ मुलांच्या आश्रमात आणून ठेवले. शाळेच्या वाटेवर ईरम्माची शेळी बांधलेली असे. त्या सकाळी धुळा भुकेने रडत होता.

"उद्या कोर्टात उभी करायची," हवालदार म्हणाला. "मग सुधारशाळेत. लांब हाय ती."

"धुळा बी येणार?"

"त्यो कशाला? त्यानं काय केलंय?"

तेव्हा मात्र मायाक्का दाराकडे सरकली. हात तिने मागेच ठेवले.

इकडे आश्रमात दाक्षायणीबाईंचे कशातच लक्ष लागत नव्हते. मुलांचे जेवणखाण, दुखणीखुपणी सगळे त्याच बघत. त्यांनी भाजी निवडायला घेतली आणि तशीच ठेवली. दारापाशी गेल्या, परत आल्या. चौकीत वर्दी त्यांनीच पाठवली होती. आश्रम चालवणाऱ्या कमिटीचा तसा नियमच होता: आश्रमाच्या मुलाने काही फोडले, काही उचलले, तर आत मिटवायचे नाही, पोलिसांना कळवायचे. नाहीतर लोक म्हणतील, इथे चोर पोसतात. दोन वर्षांपूर्वी भांडणात भीमाने कंदिलाची काच फोडली, तेव्हाही त्यांनी कळवले होते. भीमा परत आला नाही. त्याची सतरंजी अजून कोपऱ्यात गुंडाळलेली होती.

पायरीवर धुळा बसला होता. "आक्का कवा येणार?" त्याने पुन्हा विचारले.

बाईंनी उत्तर द्यायच्या आत ईरम्मा फाटकातून आत आली. लुगड्याला सुताचे धागे चिकटलेले. माग सोडून तशीच उठून आली होती.

"अय्यो! अक्का, पोरीला चौकीत दिलं म्हणं तुमी?"

"तूच तर सकाळी बोंब ठोकलीस, तुमची पोरं आवरा म्हणून."

"आवरा म्हटलं की! एक धपाटा घाला म्हटलं. पोलीस बोलवा म्हटलं काय?" ईरम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्या शिवयोगीनं माझी कवलं फोडली, तवा मी कुटं गेले? तुमच्याकडंच आले की. तुमी कान पिळला, मी त्याच्या हातावर गूळ ठेवला. झालं, मिटलं."

शिवयोगी हा बाईंचा स्वतःचा मुलगा. बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि धुळाचे बोट धरले.

चौकी जवळच होती, पण त्या इतक्या झपाझप चालल्या की धुळाला पळावे लागले. आदल्याच वर्षी शहरात इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, होऊन गेला होता. चौकीसमोरून जाताना माणसे अजून आवाज खाली करत. ईरम्माने केला नाही.

"सायेब, माजी काय तक्रार न्हाय. सोडा पोरीला."

"तक्रार आश्रमाची हाय," हवालदार म्हणाला. "घरचं पोर असतं तर आईबापाला समज दिऊन सोडलं असतं. हिचं कोण हाय?"

अशा वेळी काय म्हणायचे, हे बाईंना पाठ होते. 'संस्था' म्हणायचे. भीमाच्या वेळी त्या तेच म्हणाल्या होत्या.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरची पोर आहे. मला द्या काय ती समज."

हवालदाराने टोपी काढून डोके खाजवले. "सकाळी फिर्यादी तुमी, दुपारी आई बी तुमीच? कमिटीला कळलं तर नोकरी जाईल की, बाई."

"जाऊ दे."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग मायाक्काकडे वळून ओरडला, "चल, नीघ! परत दिसलीस तर बघ!"

चौघे ईरम्माच्या दारावरून परत चालले होते. शेळी खुंट्याला बांधलेली होती. तिच्या पोटाखाली करडू ढुशा देत होते.

"ये गं," ईरम्मा मायाक्काला म्हणाली. "पी पोटभर. आता मीच सांगते की."

शेळीने कान हलवले. करडाचे पिऊन झाले, ते बाजूला झाले. मायाक्का जागीच उभी राहिली.

धुळा मात्र बाईंचे बोट सोडून शेळीकडे धावला. मायाक्काने पुढे होऊन त्याला पकडले, मागे ओढले आणि त्याचे दोन्ही हात धरून त्याच्या पाठीमागे नीट ठेवले.