नैवेद्याच्या पाळ्या

सहा पूर्णांक चार. तिसऱ्या वर्षाला माझा सीजीपीए एवढाच होता, आणि आमच्या कॉलेजात येणाऱ्या दहापैकी नऊ कंपन्या सातच्या खालच्यांना दारातही उभं करत नाहीत. दहावी कंपनी आज आली होती. तिला मार्कांशी घेणंदेणं नव्हतं, म्हणजे इंटर्नशिपची यंदाची माझी एकुलती एक संधी. ती मला पाहिजेच होती. चार महिने पहाटे उठून कोडिंगचे प्रश्न सोडवले होते, ते काही हौस म्हणून नव्हे.

तरीही मी माती खाल्लीच. आमच्याकडे सीनियर आपला प्रोजेक्ट ज्युनियरच्या हवाली करतात, जुनी पुस्तकं द्यावीत तसा. चौथ्या वर्षाच्या अजिंक्यनं मला चेहरा ओळखून हजेरी घेणारा प्रोजेक्ट दिला. "बिनधास्त टाक गं कस्तुरी रेझ्युमेवर, सगळे टाकतात," म्हणाला. सगळे टाकतात यातच गोम आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मुलाखतीला कंपनीच्या राजलक्ष्मी मॅडम होत्या. त्यांनी रेझ्युमे वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"हजेरीचा प्रोजेक्ट," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सकाळपासून हा पाचवा. तुम्ही पाचही जणांनी केला?"

पाठ केलेली उत्तरं होती, ती फेकता आली असती. पण पाचव्यांदा तीच थाप मारायची, याचा मला भयंकर राग आला. स्वतःचाच.

"नाही मॅडम. माझा नाही तो. सीनियरचा आहे."

"सरी," ठीक आहे अशा अर्थानं म्हणून त्यांनी माझा कागद बाजूच्या गठ्ठ्यावर टाकला. "मग तुझं काय आहे?"

त्या गठ्ठ्यावर गेलेल्यांचं काय होतं, ते सकाळपासून बाहेर दिसतच होतं.

"नैवेद्य," मी बोलून गेले.

मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या दहा दिवसांत नैवेद्याच्या पाळ्या असतात. साठ घरं, दिवसाला सहा. ज्याला त्याला रविवार हवा. तीन घरांनी गोड आणलं की भात कुणीच आणत नाही. वासंती मावशी आणि गंगव्वा अक्का एकाच दिवशी समोरासमोर आल्या तर खुद्द बाप्पा पळ काढेल. ही यादी महानंदा अक्का करायच्या, आणि दरवर्षी मंडळ फुटायची वेळ यायची. गेल्या वर्षी त्या पार वैतागल्या, तेव्हा मी त्यासाठी प्रोग्राम लिहिला. माझ्या लेखी तो घरचा उद्योग होता. रेझ्युमेवर नैवेद्य कोण टाकतं?

मॅडमनी लॅपटॉप उघडायला लावला आणि अर्धा तास मला उभं-आडवं घेतलं.

"एखादं घर आयत्या वेळी नाही म्हणालं तर?"

"तर यादी पुन्हा बनते."

"म्हणजे बाकीच्या एकोणसाठ घरांचे दिवस बदलतात?"

मेले. गेल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं, आणि महानंदा अक्कांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

"मी चार वाजता दुरुस्त करून आणते," मी म्हटलं. परवानगी मागितली नाही, सांगितलंच.

बाहेर पायरीवर बसले. जेवणाच्या सुट्टीत अजिंक्य आला. "सोड यार, पुढच्या वर्षी ट्राय कर."

"पुढच्या वर्षी तू कर," म्हटलं आणि टाइप करत राहिले.

चारला पाच कमी असताना आत गेले. एक घर रद्द करून दाखवलं. फक्त दोन घरांचे दिवस हलले. मॅडमनी आणखी तीन रद्द केली. तरीही वासंती मावशी आणि गंगव्वा अक्का वेगवेगळ्या दिवशीच राहिल्या.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "एक विचारते. आज तू पाचवी नसतीस, पहिली असतीस, तर खरं सांगितलं असतंस?"

हो म्हणायला काय जात होतं?

"नसतं सांगितलं," मी म्हटलं. "रेटून नेलं असतं."

त्यांनी गठ्ठ्यातून माझा कागद काढला, हजेरीच्या ओळीवर काट मारली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"इथे तुझा प्रोजेक्ट लिही. आणि सोमवारी नऊला इंटर्नशिपला व्हाइटफील्डच्या ऑफिसात ये."

मी लिहिलं. नैवेद्याच्या पाळ्या, ठसठशीत अक्षरात.