रंगाचे अठरा हात

ओतिलिया माएस्तास अंगणात जर्दाळू वाळत घालत होती, तेव्हा तिला ती गाडी ऐकू आली. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. बावीस वर्षं ती गाडी चिमायो गावच्या त्याच रस्त्यावरून जात होती, आणि दर वेळी ओतिलिया खिडकी लावून घेत होती. आज मात्र गाडी पुढे गेली नाही. तिच्याच दारात थांबली.

गाडी चालवत होती रामोना, फर्मीन बाकाची मुलगी. शेजारी फर्मीन. सहासष्ट वर्षांचा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण मिशा अजून पिळलेल्या.

"काय गं ओतिलिया, ओळखलंस की नाही?"

"या. बोला."

"या, बोला? मला कधीपासून अहोजाहो करायला लागलीस? लहानपणी दगड मारायचीस मला."

"नेम चुकायचा," ओतिलिया म्हणाली.

फर्मीन मोठ्याने हसला. रामोनाला हसू आलं नाही.

गाडी एकावन्न सालची शेव्हरोले. एके काळी असा लाल रंग होता तिचा की पिकलेल्या चेरीत दिवा लावल्यासारखा वाटायचा. आता त्यावर राख फासल्यासारखी पांढुरकी कळा आली होती. बॉनेटवर बोट फिरवलं तर बोटाला लाल भुकटी लागत होती. बंपरच्या क्रोमवर गंजाचे तांबूस ठिपके, देवी आलेल्या तोंडासारखे.

"संत सांतियागोच्या जत्रेत मिरवणुकीत सगळ्यात पुढे माझी गाडी आहे," फर्मीन म्हणाला. "चौकात दोन शब्द बोलायलाही सांगितलंय मला. पण ही अशी घेऊन जाऊ? गॅरेजातल्या पोरांना दाखवली, तर ती घासायचं मशीन घेऊनच धावली. हा जुन्या पद्धतीचा लॅकर रंग. मशीन लावलं की जळालाच. हाताने उजळणारं खोऱ्यात आता तुझ्याशिवाय कोण उरलंय? मला तर डोळ्यांनी धड दिसत नाही."

ओतिलियाने हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले. शिकार आपल्या पायांनी चालत दारात आली होती.

"करीन," ती म्हणाली. "पण बारा दिवस इकडे फिरकायचं नाही. जत्रेच्या दिवशी मीच गाडी चौकात आणून उभी करीन."

"तू म्हणशील तसं," फर्मीन म्हणाला. जाता जाता त्याने बॉनेटवर थाप मारली. "जपून हां. माझ्या हातचा रंग आहे."

माझ्या हातचा! ओतिलियाने दात आवळले.

तो रंग तिच्या थोरल्या भावाचा होता, देलफिनोचा. गाडी फर्मीनची, गॅरेज फर्मीनचं, पण सदुसष्ट साली आख्खा हिवाळा त्या गाडीवर राबला तो देलफिनो. सोनेरी भुकटीचा थर, त्यावर पातळ लाल रंगाचे अठरा हात, आणि प्रत्येक हातानंतर पाण्याने घासणं. बादली धरायला ओतिलिया. पुढच्या वर्षी जत्रेत गाडीने बक्षीस मारलं, फोटोवाले आले, आणि फर्मीनने छाती पुढे काढून सांगितलं, रंग मी दिलाय. देलफिनो पुढे झाला तेव्हा फर्मीनने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हा? हा माझे डबे ढवळतो. थोडी जास्त झालीय त्याला."

लोक हसले. त्यानंतर फर्मीनने खोरंभर पसरवलं, देलफिनो पितो, त्याचे हात कापतात. कुणी त्याला गाडी देईना. शेवटी तो उत्तरेकडे खाणीत कामाला गेला, आणि चौऱ्याहत्तर साली तिथेच दरडीखाली गाडला गेला.

म्हणून ओतिलियाचा बेत सरळ होता. जुना लॅकर कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर सगळ्यात पातळ असतो. तिथे जरा जास्त जोर लावला की खालचा पत्रा उघडा पडतो. गाडीची एकेक कड ती सोलून काढणार होती. आणि भर चौकात म्हणणार होती, फर्मीन बाकाचा रंग कच्चाच होता.

हात मोकळा व्हावा म्हणून तिने आधी क्रोम घेतलं. चांदीचा कागद चुरगाळून पाण्यात बुडवायचा आणि गंजावर हलके फिरवायचा. तांबूस चिखल सुटत गेला आणि बंपरमध्ये तिचा स्वतःचा चेहरा दिसायला लागला. त्या चेहऱ्यावर दया नव्हती, आणि ते पाहून तिला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी ती डिकीकडे वळली. तिथली कड सोलायची म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवलेला, घासायचा वॉटर पेपर उचलला, आणि थांबली. उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग होता. रंग लालच, पण मुका. बाकी गाडीच्या लालात खोलवर सोनं चमकत होतं, इथे काहीच नाही. कुणीतरी नुसता डब्यातला लाल रंग वरून मारला होता. तिने खालून हात घालून पत्रा चाचपला. ना पोचा, ना गंज. मग इथे रंग मारायचं कारण काय?

तिने तोच कागद बोटांखाली धरून हलके घासायला घेतलं. पाणी रक्तासारखं लाल होऊन ओघळत राहिलं. तासाभराने पहिलं अक्षर दिसलं, मग दुसरं. लाल काचेखाली ठेवल्यासारखं, सोनेरी अक्षरांत: देलफिनो माएस्तास, १९६७.

ओतिलिया जमिनीवर बसली.

जत्रेतून परत आल्यावर देलफिनो तिला सांगत होता, "डिकीवर माझं नाव आहे, ओतिलिया. शेवटच्या दोन हातांखाली लिहिलंय मी." दुसऱ्या दिवशी ती जाऊन बघून आली होती. नाव नव्हतं. घरी येऊन ती भावाला म्हणाली होती, "दादा, दारू सोड." त्यानंतर, खाणीत जाईपर्यंत, तो तिच्याशी फारसं बोललाच नव्हता.

नाव रंगाने झाकून फर्मीनने तिच्याकडूनच तिच्या भावाला खोटं पाडून घेतलं होतं.

आता कडा सोलण्यात अर्थ उरला नाही. आता गाडी अशी झळकायला हवी होती की लोक आपण होऊन जवळ येतील, वाकून बघतील. ओतिलिया पहाटेपासून उन्हं उतरेपर्यंत राबली. मेलेला थर काढायचा, उजळायचा मसाला लावून गोल गोल घासायचं, फलालीनच्या फडक्याने मेण चढवायचं, पुन्हा पुसायचं. कडांवर तिने फक्त करंगळी वापरली. बोटांची सालटी निघाली. लेकीला न्हाऊमाखू घालावं तसं ती त्या गाडीचं करत होती, पण मनात शिव्याच चालल्या होत्या.

जत्रेच्या सकाळी तिने गाडी चौकात आणली आणि उलटी लावली, डिकी लोकांकडे. बघ्यांच्या तोंडून आवाज निघाला. फर्मीन रामोनाचा हात धरून आला, बॉनेटवर वाकला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"जशी होती तशी केलीस गं," तो म्हणाला.

"अगदी जशी होती तशी," ओतिलिया म्हणाली.

मग तो मंचावर चढला. "या गाडीवर रंगाचे अठरा हात आहेत," तो म्हणाला, "आणि अठराच्या अठरा माझे!"

मागून म्हातारा एपिफानिओ ओरडला. देवळाची घंटा वाजवणारा, गावात सगळ्यांना ओळखणारा. "फर्मीन, अरे इथे तर देलफिनोचं नाव आहे!"

फर्मीन खाली उतरला, डिकीपाशी आला, नाक टेकेल इतकं वाकून त्याने वाचलं.

"हिने लिहिलंय!" तो किंचाळला. "ही बया बारा दिवस गाडी घेऊन बसली होती. काल लिहिलंय हे!"

"मग खरवड की," ओतिलिया म्हणाली. "कालचं असेल तर वर असेल. नखाने निघेल. खरवड सगळ्यांसमोर."

फर्मीनने नख लावलं. नख काचेवरून सरकावं तसं सरकलं. त्याने पुन्हा लावलं, दोन्ही अंगठ्यांनी, घाम गळेपर्यंत. नाव रंगाखाली होतं, हलणार कसं?

"माझ्या भावाला तू याच चौकात दारुडा म्हणालास," ओतिलिया म्हणाली. "आता म्हण."

कुणीतरी मागून हसलं, आणि मग हसणं पसरत गेलं. तो गाडी तिथेच टाकून एकटा, भिंतीला धरत धरत, घरी चालत गेला. मिरवणूक त्याच्यावाचून निघाली.

आठवड्याने रामोना आली. ती दारातच उभी राहिली.

"बाबा अंथरुणाला खिळलेत. जेवत नाहीत. म्हणतात, ओतिलियाला सांग, ते नाव झाक. मावशी, म्हातारा माणूस आहे. आता पुरे की."

"झाकायला त्यांना चांगलं जमतं. त्यांनाच सांग."

"लोक तुम्हालाही नावं ठेवतायत. माणसाने इतकं धरून ठेवू नये म्हणतात."

"म्हणू देत."

रामोनाने डोळे पुसले. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

ओतिलियाने खरंच शोधून पाहिलं, मनात कुठे कणव आहे का. कुठेच सापडली नाही.

"बस," ती शेवटी म्हणाली. "कॉफी घेऊन जा. तुझ्यावर माझा राग नाही."

रामोना बसली नाही. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत ओतिलिया बघत राहिली, मग आत जाऊन तिने एकटीपुरती कॉफी ठेवली.