आई बघतायत

माझ्या सुनेनं मला न विचारता तिच्या नोकरीत जुंपलंय. दुपारी तिला चहा द्यायला गेले, तर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर मराठीत लिहिलेलं: आई बघतायत. शाळा मी अर्ध्यात सोडली, पण अक्षर लावता येतं मला.

"ही कुठली आई?" मी विचारलं. "तुझ्या आईला तर चष्मा लावूनही दिसत नाही. म्हणजे मीच!"

ती गोरीमोरी झाली. "अहो आई, ती नुसती खूण आहे."

"मी काय बुजगावणं आहे, खूण म्हणून उभं करायला?"

मग कुठे तिनं सांगितलं. एका मोठ्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर ती सांभाळते. रुग्णाची नाडी बिघडली की नर्सच्या टेबलावर घंटी वाजते, ती वाजवणारं. त्यातली चूक शोधायची तर ते चालतं थांबवून आत डोकावावं लागतं. एरवी हे त्याच्या नकलेवर करतात, तिला खरे रुग्ण जोडलेले नसतात. पण नकलेची खिडकी काळी, खऱ्याचीही काळी, आणि दोन्हीत हुकूम लिहायच्या जागी सारखीच इंग्रजी खूण. मागच्या महिन्यात नक्कल समजून हिनं खरं सॉफ्टवेअर थांबवलं आणि दार उघडायला उठली. तिकडे घंटी मुकी. एका म्हाताऱ्याची नाडी घसरत होती. नर्स शेजारच्याच खाटेपाशी होती, म्हणून निभावलं.

"ती खूण बदलता येते," ती म्हणाली. "खऱ्या खिडकीत आधी 'सावधान' लिहिलं. दोन दिवसांत त्यावरची नजर मेली. लाल रंग दिला, त्याचीही सवय झाली. मग म्हटलं, ज्याची सवयच होत नाही असं काहीतरी..."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी?"

ती हसणार, तेवढ्यात फोन वाजला. तिचा साहेब. ती चूक म्हणे नकलेत दिसतच नव्हती. "खऱ्यातच बघा. एक आकडा वाचायचा आणि लगेच पुन्हा चालू सोडायचं."

"आई, बसा ना इथं," ती म्हणाली. मी बसले.

तिनं काहीतरी लिहिलं. ओळ उमटली: आई बघतायत.

"थांबलं," ती पुटपुटली. आकडा मागायचा हुकूम लिहायला तिनं बोटं उचलली, ती तशीच हवेत राहिली. तिकडे कुठल्या तरी खाटेवर कुणीतरी पडलेलं, आणि त्याची हाक आमच्या टेबलावर अडकलेली.

"अगं, लिही!"

"आठवत नाहीये, आई. काहीच आठवत नाहीये."

"दिसला का आकडा?" फोनमधून साहेब.

"आकडा गेला खड्ड्यात," मी ओरडले. "सोड आधी!"

तेवढं मात्र तिच्या बोटांना आठवलं. एक शब्द मारला आणि सॉफ्टवेअर सुटलं.

साहेब भडकला. "एवढंसं काम होत नाही तुम्हाला?"

"सर, आधी दवाखान्यात फोन लावा," ती म्हणाली. "मधल्या वेळात कुणाची घंटी अडकली का, ते विचारा."

त्यानं फोन ठेवला. आम्ही दोघी त्या मुक्या फोनकडे बघत बसलो. तिचा गार झालेला चहा मी तिच्यापुढे सरकवला.

साहेबाचा फोन आला. कुणाला काही झालं नव्हतं. "उद्या पुन्हा बघू. तुमच्याच्यानं होत नसेल तर दुसऱ्याला देतो."

फोन बंद करून तिनं टेबलावर डोकं टेकलं. "देऊ देत. ऑफिसातल्या त्या दुसऱ्याला नाही भीती वाटत, तो दणादण करतो. मीच भित्री."

मी तिचं डोकं वर केलं.

"भित्री आहेसच तू, खोटं कशाला बोलू? तो हुकूम आज घोकून ठेव आणि उद्या तूच बस. त्या खाटेवर मी असते ना, तर माझी घंटी मी तुझ्याच हाती दिली असती."