ओक-सूननं नाव घेतलं

आमच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात कविता म्हटलं की माणसं चहाच्या रांगेत पळतात. हे ठाऊक असूनही शहाऐंशीच्या संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या दिवशी, मी ओक-सूनला कविता वाचायला बोलावलं. ती लायब्ररीत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची आणि कोरियनमध्ये कविता लिहायची. तिचे यजमान डॉक्टर शिन, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. मंडळातल्या निम्म्या दाढा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी तिची एकही कविता ऐकली नव्हती. "एकदाच ऐकू देत त्यांना," ती मला म्हणाली होती. बर्फ पडत होता म्हणून गाडी चालवायला डॉक्टर आले खरे, पण मागच्या खुर्चीत पेपर उघडून बसले. अस्सा राग आला मला!

तिच्या कवितेची रीत तिनं मला समजावली होती. ज्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही अशा दोन गोष्टी शेजारी बसवायच्या. कोरियातल्या आधीच्या कवींनी हा सररिअलिझम बाहेरून आणला आणि त्यात आपला चंद्र, आपल्या नद्या मिसळून टाकल्या. मला सगळं कळलंय असा चेहरा मी केला होता.

ती कोरियनमध्ये ओळ वाचायची, आणि तिनं आधी इंग्रजीत सांगून ठेवलेला अर्थ मी मराठीत सांगायची.

"किटलीत चंद्र उकळतोय," मी म्हटलं. "छपरावर मासे वाळत घातलेत, ते रात्री नदीचं गाणं म्हणतात..."

कोणीही चहाला उठलं नाही. मंडळातल्या सुचित्राकाकू तर कान टवकारून बसल्या होत्या. मी सुखावले. कविता संपली, ओक-सून वाकून नमस्कार करून निघाली, तोच काकू ओरडल्या, "अगं, पळतेस कुठे? नाव घे की!"

"नाव घ्या, नाव!" सगळ्याच जणी सुरू झाल्या.

मी कपाळाला हात लावला. बायांना तो उखाणा वाटला होता! "काकू, ही मॉडर्न पोएट्री आहे," मी कुजबुजले.

"असू दे गं, शरयू. आपल्या उखाण्यात तरी चांदीच्या ताटाचा नि नवऱ्याचा काय संबंध असतो?"

मी ओक-सूनकडे वळले.

त्यांना नवऱ्याचं नाव हवंय, असं मी सांगताच ओक-सून लालबुंद झाली. तिच्याकडेही नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. मुलीच्या नावावरून 'मिनाचे बाबा' म्हणतात. पण काकू हटेनात. शेवटी तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि हळूच पुढे जोडलं, "ते-सिक."

मागचा पेपर खाली आला. डॉक्टर दचकून उभे राहिले. "गाडी हलवायची आहे का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

हॉल हसून हसून लोळला. आता काकू थोड्याच सोडतात! "डॉक्टर, युवर टर्न! टेक वाइफ्स नेम!"

डॉक्टर पेपरची घडी घालून पुढे आले. मग कोरियनमध्ये चार वाक्यं बोलले. ओक-सून थिजली. मी कोपरानं ढोसल्यावर तिनं मला अर्थ सांगितला, आणि मी तो सगळ्यांना सांगितला:

"एका दाढेत वाकून बघितलं, तर आत आमच्या गावची बर्फातली वाट होती. तिच्यावरून तू चालली होतीस. मी ती दाढ भरली नाही. ओक-सून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा नवरा पुरुषोत्तम मात्र जिभेनं आपली दाढ चाचपत म्हणाला, "माझी तर नव्हे? अजून ठणकतेय."

ओक-सूनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला भरून आलं. "ऐकली गं त्यांनी," मी म्हटलं.

"ऐकली!" ती दातओठ खात म्हणाली. "मी इतकी वर्षं घाम गाळतेय, आणि हा माणूस उभ्या उभ्या माझ्याहून चांगली करतो!"