तुटक्या शेपटीचा 'आ'

मित्रांनो, ज्या अक्षरांपायी एका सज्जनाचा उजवा हात गेला, त्या अक्षरांचे जीवनवृत्त मी आज आपणांपुढे यथामती सादर करीत आहे.

मी छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, एक जुना, वळणदार संच आहे. शिशाच्या रसातून माझा जन्म झाला. माझ्या प्रत्येक अक्षराला वेलीसारखी लांब शेपटी आहे. छापखान्यात मला सारे 'नवरदेव' म्हणत, कारण लग्नपत्रिकेखेरीज मला कोणी खणाबाहेर काढीत नसे. खिळे जुळवणारा आमचा जुळारी मला पुसताना श्वास रोखून धरी. तरीही एकदा घाईत माझ्या 'आ'ची शेपटी मोडली. ठेकेदाराच्या मुलीच्या पत्रिकेत तो तसाच छापला गेला. जुळाऱ्याला वाटले, कुणाच्या लक्षात आले नाही.

पुढे त्याच ठेकेदाराची अर्धवट इमारत कोसळून नऊ मजूर गाडले गेले. त्यांत जुळाऱ्याचा मेहुणा, त्याच्या बहिणीचा नवरा, होता. चौथ्या दिवशी बहीण पत्रकाचा मजकूर घेऊन आली. सिमेंटऐवजी काय भरले होते, ते सारे तिने लिहून आणले होते.

"दादा, साध्या खिळ्यांत छाप. खाली कुणाचंच नाव नको."

"मजकूर साध्यात छापतो. पण मथळा? मेहुण्यांना मळक्या अक्षरांत निरोप देऊ होय?"

मथळा होता 'आवाहन'. त्याने माझा खण ओढला. ही चूक खिळ्यांत आयुष्य घालवलेला माणूसच करू जाणे.

दोन दिवसांनी ठेकेदार दोन धटिंगण घेऊन आला. एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात पत्रक.

"उस्ताद, पत्रिकेतला 'आ' लंगडा निघाला म्हणून बायकोनं महिनाभर माझं डोकं खाल्लं. आज उपयोगी पडला. हे कुणी छापून घेतलं?"

"गिऱ्हाइकाचं नाव सांगायची इथं पद्धत नाही."

तेव्हा त्यांनी मला पोत्यात भरले आणि ते पोते त्याच्या तोंडावर हाणले. मित्रांनो, त्याचे दोन दात माझ्याच वजनाने पडले. मग त्याचा उजवा हात छपाईयंत्राच्या जबड्यात धरून एकाने यंत्र चालवायची पायाखालची पट्टी दाबली. हाडे मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"आता तरी बोल."

रक्त थुंकून तो म्हणाला, "डावा राहिलाय. तोही घाला."

त्यांनी तोही घातला असता. पण शेजारचे सुतार पटाशा घेऊन दारात आले. जाताना ठेकेदाराने मला जमिनीवर ओतून बुटांखाली तुडवले.

महिन्याने बहीण फरशीवर बसून मला निवडू लागली. जुळाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांत होता.

"हा 'आ' फेकून देते. यानंच घात केला."

"ठेव. दुसरं पत्रक काढायचंय. मी सांगतो, तू जुळव. मथळ्याला हाच घाल. आणि खाली माझं नाव टाक."

"एकट्याचं?" असे म्हणून तिने दोघांची नावे जुळवली.

मित्रांनो, पुसून ठेवलेला खिळा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. चिरडलेले बोट पुन्हा उगवत नाही. सुंदर अक्षर दिसले, की ते जुळवणारा हात शाबूत आहे ना, याची विचारपूस करीत जा. एवढे ऐकून घेतलेत, याबद्दल मनापासून आभार.

आपला नम्र,
नवरदेव